पाटल्या, पेन्शन आणि पन्नास हजारांची अट

२०२५ च्या ऑक्टोबरात सोनं औंसाला ४,००० डॉलरच्या वर गेलं आणि तेव्हापासून माझं टपालच पिवळं झालंय. पूर्वी पत्रं यायची ती पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं का, अशी. आता बहुतेकांना 'गोल्ड आयआरए' (सोनं ठेवायचं अमेरिकेतलं वैयक्तिक निवृत्ती खातं) हवा असतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: कमीत कमी किती पैसे लागतात? तेव्हा या खेपेचं सदर सोन्याला.

नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच. न्यू जर्सीत अठ्ठावीस वर्षं लोकांचे टॅक्स भरून दिले, आता निवृत्त आहे. वडील सांगलीला सराफ कट्ट्यावर एका पेढीत कीर्द-खतावणी लिहायचे. मी सोनं विकत नाही आणि विकणाऱ्यांकडून एक पैसा घेत नाही. तुमचे कागद मी पाहिलेले नसतात, तेव्हा सही करण्याआधी ते तुमच्या सीपीएला (परवानाधारक हिशेबनीसाला) दाखवा.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. वय ६१. गेल्या वर्षी कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. जुन्या ४०१-के मध्ये (कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यात) १,८०,००० डॉलर पडून आहेत. रेडिओवर जाहिराती ऐकून सोन्याच्या खात्यासाठी तीन ठिकाणी फोन केले. एक म्हणतो कमीत कमी १०,००० लागतील, दुसरा २५,०००, तिसरा ५०,०००. यातला सरकारी नियम कोणता? ज्याची रक्कम मोठी ती कंपनी जास्त भरवशाची, असं समजायचं का? बायको म्हणते, सोनं ते सोनं, घेऊन टाका. – एक वाचक, एडिसन

सरकारी नियम यातला एकही नाही. आयआरए उघडायला अमेरिकन कायद्याने किमान रक्कम ठरवलेलीच नाही. कायदा वरची मर्यादा सांगतो. २०२६ साठी वर्षाला ७,५०० डॉलर, पन्नाशी ओलांडलेल्यांना ८,६००. खालची बाजू मोकळी आहे.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. वर्षाकाठी जास्तीत जास्त ८,६०० भरता येतात आणि तिसरा माणूस पहिल्याच दिवशी ५०,००० मागतो. पगारातून भरून त्याची अट कुणी पुरी करूच शकत नाही. म्हणजे त्याला नवा बचत करणारा नकोच आहे. त्याला वीस-पंचवीस वर्षं साठवलेला जुना ४०१-के हवा आहे, आणि तो ज्याच्याकडे आहे असा साठीच्या आसपासचा, नोकरी सुटलेला, जरा धास्तावलेला माणूस. तुम्हीच. किमान रक्कम ही त्याची चाळणी आहे. पीठ खाली पडतं, त्याला वरचे रवाळ दाणे हवे असतात.

'गोल्ड आयआरए' नावाचं खातं कायद्यात वेगळं नाही. तो साधाच आयआरए, फक्त सेल्फ-डायरेक्टेड, म्हणजे आत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. त्यात तीन खिसे असतात. पहिला विक्रेता, जो रेडिओवर बोलतो आणि नाणी विकतो. दुसरा कस्टोडियन, म्हणजे बँक किंवा आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) मान्यता दिलेली ट्रस्ट कंपनी. खातं तिच्याकडे उघडतं आणि खात्याची माहिती आयआरएसला कळवणारा दरवर्षीचा फॉर्म ५४९८ तीच पाठवते. तिसरी डिपॉझिटरी, म्हणजे प्रत्यक्ष तिजोरी. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला अशी एक मोठी आहे. आय-९५ वरून बाल्टिमोरला जाताना त्या गावावरून कितीदा गेले, आपल्या ओळखीतल्या निम्म्या मंडळींचं सोनं इथे झोपलंय हे बरीच वर्षं माहीतच नव्हतं. दहा, पंचवीस, पन्नास हजारांचे आकडे पहिल्या खिशाचे असतात. कस्टोडियनला बहुधा काहीशे डॉलर चालतात, पुष्कळांना तर आकडाच नसतो.

मोठी रक्कम म्हणजे मोठा भरवसा, हा समज सोडा. एका बाबतीत मात्र मोठ्या रकमेला अर्थ आहे, तोही सांगते. कस्टोडियन आणि तिजोरी यांची फी बहुतेक ठिकाणी ठोक असते. माझ्या पाहण्यातल्या कागदांवर दोन्ही मिळून वर्षाला दोनशे ते तीनशे डॉलर असायची. अडीचशे धरा. पन्नास हजारांवर तो अर्धा टक्का झाला, दहा हजारांवर अडीच टक्के, पाच हजारांवर पाच टक्के. सोनं व्याज देत नाही, डिव्हिडंड देत नाही. तिजोरीत बसून भाडं मात्र खातं. लहान खात्याला हे भाडं झेपत नाही, एवढं विक्रेत्याचं म्हणणं खरं.

पण फी ही किरकोळ बाब आहे. पैसा जातो तो खरेदीच्या भावात.

२०२२ च्या वसंतात आमच्या मंडळातले एक काका प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले. चहा ठेवला आणि इन्व्हॉइस हातात घेतलं. सोनं घ्यायला गेलेल्या माणसाला फोनवरच्या मुलाने चांदीवर आणलं होतं. दीड औंसाची चारशे नाणी, ६२ डॉलरला एक, एकूण २४,८००. कुठल्याशा पक्ष्याचं चित्र, 'लिमिटेड मिंटेज'. खरेदी फेब्रुवारीतली. त्या दिवशी चांदी औंसाला साधारण २४ डॉलर होती. मी कागदाच्या मागे पेन्सिलने गुणाकार केला: दीड गुणिले चोवीस, छत्तीस. छत्तीस गुणिले चारशे, चौदा हजार चारशे. काकांनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. 'म्हणजे उरलेले दहा हजार चारशे कुठे गेले?' मी म्हटलं, घडणावळ. 'अगं पण दागिना कुठेय?'

हाच प्रश्न आहे. आपण मंगळसूत्राला घडणावळ देतो ती कारागिराच्या हाताची, आणि ते गळ्यात घालतो. इथे घडणावळ देऊन नाणं विल्मिंग्टनच्या तिजोरीत जातं आणि तुम्ही ते कधी बघतही नाही. मोडताना त्या पक्ष्याच्या चित्राचे तुम्हाला कुणी पैसे देत नाही. काकांना चांदी नुसती परत जागेवर यायलाच औंसाला ४१ डॉलरच्या पुढे जायला हवी होती.

अशी प्रकरणं सुटी नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये फेडरल सरकारच्या सीएफटीसीने (वायदे बाजारावर नजर ठेवणाऱ्या आयोगाने) तीस राज्यांना बरोबर घेऊन धातू विकणाऱ्या एका जाळ्यावर दावा लावला होता. रक्कम १८ कोटी ५० लाख डॉलर, आणि फसलेले बहुतेक म्हातारे, निवृत्तीच्या पैशानिशी. तुम्ही फोन केलेल्या तिघांपैकी कुणी तसा आहे असं मी म्हणत नाही. सरळ धंदा करणारेही आहेत. दोघांत फरक कसा करायचा ते वडिलांनी मला अकराव्या वर्षी शिकवलं होतं: घेण्याआधी मोडीचा भाव विचार. त्याच माणसाला फोन करा आणि विचारा, 'हेच नाणं मी आज तुम्हाला विकायला आलो तर कितीला घ्याल?' साध्या एक औंसाच्या अमेरिकन ईगलला, म्हणजे अमेरिकी टांकसाळीच्या सोन्याच्या नाण्याला, विक्री आणि मोड यांत थोडक्या टक्क्यांचं अंतर असतं. उत्तर आलं की ठेवा आकडा लिहून. 'आमची बायबॅक गॅरंटी आहे' एवढंच आलं तर ते उत्तर नव्हे. परत घेऊ म्हणतोय, कितीला ते म्हणत नाही.

आणखी एक. १,८०,००० मधले ५०,००० म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस टक्के. म्हातारपणाच्या पुंजीतला चौथ्याहून मोठा वाटा सोन्यात घालायचा, हे तुम्ही कधी ठरवलंत? तुम्ही ठरवलंच नाही, त्याच्या अटीने ठरवून टाकलं. मी स्वतः पाच ते दहा टक्क्यांच्या पुढे जाणार नाही. वहिनींना सांगा, सोनं ते सोनं हे खरं, पण जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरला घेतलेल्याला तो भाव परत बघायला जानेवारी २००८ उजाडावा लागला. मधे १९९९ साली ते २६० च्याही खाली गेलं होतं. अठ्ठावीस वर्षांत पोर जन्मतं, शिकतं आणि बोहल्यावर चढतं. ६१ व्या वर्षी एवढी उसंत आपल्याकडे नसते.

एवढं ऐकूनही घ्यायचं ठरवलंत, तर पैसे ४०१-के मधून थेट कस्टोडियनच्या नावाने जाऊ द्या. चेक तुमच्या नावाने निघाला तर जुनी कंपनी वीस टक्के, म्हणजे संपूर्ण रकमेवर ३६,००० डॉलर, कापून सरकारला पाठवेल. मग साठ दिवसांत ती भोक पडलेली रक्कम तुम्हाला खिशातून भरून काढावी लागेल. नाही भरली तर तेवढं उत्पन्न धरून टॅक्स लागेल. तुमची साडेएकोणसाठ वर्षं झाली आहेत म्हणून वेळेआधी काढल्याचा दहा टक्के दंड तरी नाही. आणि अख्खा ४०१-के हलवायची काही गरज नसते. हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

प्रश्न : मावशी, माझं वय ३४, फ्रीमाँटला असतो. सोन्यात मोठी रक्कम टाकायची नाही. महिन्याला २०० डॉलर रॉथ आयआरए (आधी टॅक्स भरलेले पैसे ठेवायचं निवृत्ती खातं) मधून टाकले तर? जिथे विचारलं तिथे 'आधी दहा हजार जमव मग ये' म्हणाले. माझ्यासारख्याला दारच नाही का? – एक वाचक

आहे की. फक्त त्याची जाहिरात रेडिओवर लागत नाही, कारण त्यात कुणाला फारसं सुटत नाही.

तुझा साधा रॉथ आयआरए ज्या ब्रोकरकडे असेल तिथेच सोन्याचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड, घे. एसपीडीआर गोल्ड शेअर्स नोव्हेंबर २००४ पासून आहे, त्याचा खर्च वर्षाला ०.४० टक्के. आयशेअर्स गोल्ड ट्रस्टचा ०.२५. त्याहून स्वस्तही निघालेत. किमान रक्कम म्हणजे एक शेअर, आणि ब्रोकर तुकडा देत असेल तर पाच डॉलरचाही घेता येतो. आयआरएमध्ये 'संग्रहाच्या वस्तू' चालत नाहीत म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नकोस. आयआरएसने या फंडांचे शेअर आयआरएमध्ये चालतात असा निर्वाळा केव्हाच दिला आहे.

हिशेब तूच कर. वर्षाचे २,४००. तिजोरीवाल्या खात्यात अडीचशे फी म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त गेले. ईटीएफमध्ये पाव टक्का म्हणजे सहा डॉलर. आता सहा डॉलरमध्ये तुमच्याकडे एक वडापाव तरी येतो का?

याची उणी बाजू अशी, की फंडाचं सोनं मुख्यतः लंडनच्या तिजोऱ्यांत असतं आणि तुला त्यातलं नाणं हातात कधीच मिळणार नाही. ज्याला जगबुडीच्या दिवशी खिशात खुळखुळ हवी त्याने याच्या वाटेला जाऊ नये. तसा माणूस विल्मिंग्टनला तरी त्या दिवशी कसा पोचणार, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

रॉथला उत्पन्नाची अट आहे ती बघ. २०२६ साठी एकट्याला १,५३,००० पासून आणि जोडप्याला २,४२,००० पासून हक्क कमी व्हायला लागतो. फ्रीमाँटमध्ये दोघं नोकरी करत असाल तर ही रेष कधी ओलांडली ते कळत पण नाही. हाच ईटीएफ निवृत्ती खात्याबाहेर घेतलास तर वर्षानंतरच्या नफ्यावरही २८ टक्क्यांपर्यंत टॅक्स लागतो, शेअरांसारखे पंधरा नाही. म्हणून आत घेणंच बरं.

प्रश्न : एका सल्लागाराने सांगितलं की स्वतःच्या नावाची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची खासगी कंपनी) काढायची, आयआरएचे पैसे तिच्यात टाकायचे, नाणी घ्यायची आणि घरच्या तिजोरीत ठेवायची. तिजोरीची फी वाचते आणि किमान रकमेची भानगडही नाही. कायदेशीर आहे असं त्याच्या वेबसाइटवर लिहिलंय. – एक वाचक, डॅलसजवळ

करू नका.

ऱ्होड आयलंडच्या एका बाईंनी नेमकं हेच केलं होतं. एलएलसी, अमेरिकन ईगल नाणी, घरातली तिजोरी, सगळं तुमच्या सल्लागाराने सांगितलं तसंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने 'मॅकनल्टी विरुद्ध कमिशनर' या खटल्यात निकाल दिला, की नाण्यांवर तुमचा बेलगाम ताबा आहे, तेव्हा ती तुम्ही खात्यातून काढून घेतलीत असंच धरलं जाईल. चार लाख डॉलरच्या वरची रक्कम एका फटक्यात करपात्र झाली, वर दंड. वेबसाइटवर विश्वासून केलं, हा बचाव कोर्टाने मानला नाही. तुमची शंभर-दीडशे डॉलर तिजोरीची फी वाचणार आहे, हे त्या रकमेशेजारी लिहून बघा.

प्रश्न : येत्या ऑगस्टात ७३ पूर्ण होतील. दहा वर्षांपूर्वी घेतलेली एक औंसाची १८ ईगल नाणी पारंपरिक आयआरएमध्ये (ज्यात टॅक्स पैसे काढताना लागतो) आहेत. शिवाय एका ब्रोकरकडे म्युच्युअल फंडांचा दुसरा आयआरए आहे. आम्ही दोघं पुढच्या वर्षी कोथरूडला कायमचं जायचं म्हणतोय. नाण्यांचं काय करावं? – एक वाचक, न्यू जर्सी

आधी अभिनंदन. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे सोनं अकराशे-बाराशेच्या घरात होतं तेव्हा घेतलंत. असं पत्र या टपालात एकच आलं.

७३ पूर्ण होणाऱ्या वर्षापासून पारंपरिक आयआरएमधून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. ती अशी काढतात: मागच्या ३१ डिसेंबरची किंमत भागिले आयआरएसच्या तक्त्यातला आकडा, ७३ ला २६.५. समजा त्या दिवशी नाण्याला ४,२४० धरले. अठरा नाण्यांचे ७६,३२० झाले आणि भागाकार २,८८०. आता गंमत बघा. २,८८० डॉलर काढायचे आहेत आणि सर्वांत लहान नाणंच ४,२४० चं आहे. ते पोळीसारखं तोडता येत नाही. एक तर पूर्ण नाणं विकायचं, नाहीतर नाणंच घरी मागवायचं आणि त्या दिवशीच्या भावाने ते उत्पन्न म्हणून दाखवायचं. नियमाला जास्त काढलेलं चालतं, कमी चालत नाही. चुकलं तर कमी काढलेल्या रकमेवर २५ टक्के दंड आहे, वेळेत दुरुस्त केलं तर दहा.

पण तुमच्याकडे दुसरा आयआरए आहे, आणि इथे तुमचं नशीब जोरावर आहे. दोन्ही खात्यांचा आकडा वेगवेगळा काढायचा, बेरीज करायची, आणि ती सगळी एकाच खात्यातून काढली तरी चालते. फंडांतून काढा, नाणी तशीच राहू द्या. ही सोय आयआरए-आयआरएमध्ये आहे, ४०१-के बरोबर असं मिसळता येत नाही. किमान रकमेचं विचारणाऱ्यांनी हे पत्र दोनदा वाचावं. फक्त सोन्याचंच खातं असतं तर यांना दरवर्षी एक नाणं मोडावं लागलं असतं.

कोथरूडला जाण्याआधी कस्टोडियनला लेखी विचारा, भारतातला पत्ता चालतो का. ज्यांना चालत नाही ते नंतर खातं बंद करायला लावतात, आणि तेव्हा पुण्याहून रात्री अडीचला फोन धरून बसावं लागतं. नागरिक असाल तर इथलं रिटर्न तिथूनही भरायचंच आहे. नाणी बॅगेत घालून न्यायचा विचार मनात असेल तर काढून टाका. मुंबईच्या विमानतळावर कस्टम्ससमोर खात्यातल्या सोन्याचा इतिहास सांगत उभं राहायचं वय नाही आपलं.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत हे गोल्ड आयआरए उघडतो म्हणतोय. आमच्याकडे निवृत्तीसाठी असं थोड्या पैशात सोनं घेता येतं का? – एक वाचक, पुणे

सरकारी सुवर्णरोखे होते तोवर मी बिनधास्त होय म्हटलं असतं. २०१५ साली सुरू झाले, नंतरच्या हप्त्यांत किमान खरेदी एक ग्रॅम, आणि वर अडीच टक्के व्याज. सोन्यावर व्याज देणारी गोष्ट इथल्या लोकांना सांगितली की ते मान हलवतात. पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवा हप्ता निघालेला नाही. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात. गोल्ड ईटीएफ आणि त्यांचे फंड तुमच्याकडेही आहेत, एसआयपी पाचशे-हजारापासून. मुलाला या पानावरचं पहिलं उत्तर वाचून दाखवा, वय ३४ च्या आसपास असेल तर दुसरं.

प्रश्न : माझं वय ६८, नेपरव्हिलला मुलीकडे राहते. सांगलीच्या आईने दिलेल्या पाटल्या, गोठ आणि दोन वळी, मिळून बारा तोळे, २२ कॅरेटचे आहेत. आता कुणी घालत नाही. ते सोनंच निवृत्तीच्या खात्यात जमा केलं तर किमान रक्कम पण भरेल आणि घरात जोखीम नको. होईल का? – एक वाचक

सांगलीचं नाव वाचून तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर ठेवलं होतं. उत्तर मात्र 'नाही' असं आहे, आणि एका नाही तीन कारणांनी.

आयआरएमध्ये नवी भर फक्त रोख पैशात घालता येते. घरातलं सोनं, नाणं असो की बिस्कीट, आत जात नाही. दुसरं, आत चालणाऱ्या सोन्याची शुद्धता ९९.५ टक्के लागते, चांदीची ९९.९, प्लॅटिनम आणि पॅलॅडियमची ९९.९५. आपलं २२ कॅरेट म्हणजे ९१.६७. यावर तुम्ही विचाराल, की अमेरिकन ईगलसुद्धा २२ कॅरेटचंच असतं, मग ते कसं चालतं? चालतं, कारण अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) करकायद्याच्या कलम ४०८(एम) मध्ये आपल्या टांकसाळीच्या नाण्याला नाव घेऊन सूट दिली आहे. दक्षिण आफ्रिकेचं क्रूगररँड अगदी त्याच कसाचं, पण ते चालत नाही. जावई आणि पाहुणा यांतला फरक.

तिसरं कारण जास्त महत्त्वाचं. पाटल्या मोडून पैसे केले तरी आयआरएमध्ये भरायला त्या वर्षी तुमची किंवा नवऱ्याची कामाची कमाई असावी लागते. पेन्शन, व्याज, सोशल सिक्युरिटी यांतलं काही धरत नाहीत. कमाई असली तरी वर्षाला ८,६०० च्या वर नाही. तोळा दहा ग्रॅमचा धरला तर तुमच्या बारा तोळ्यांत ११० ग्रॅम शुद्ध सोनं, म्हणजे साडेतीन औंस. वरच्याच ४,२४० च्या भावाने ते पंधरा हजारांच्या आसपास जातं. आणि हा मोडीचा भाव नव्हे. इथली पेढी त्यातून घट, वितळवणी आणि आपला नफा काढूनच देणार.

तेव्हा मोडू नका. घरातल्या जोखमीचं मात्र तुमचं बरोबर आहे. घराच्या नेहमीच्या विम्यात चोरीला गेलेल्या दागिन्यांची मर्यादा बहुधा १,५०० डॉलरच असते. तुमच्या पाटल्यांची एक कडसुद्धा त्यात भरून निघणार नाही. मुलीच्या पॉलिसीला दागिन्यांची वेगळी पुरवणी जोडता येते. त्यासाठी मूल्यांकनाचा कागद लागतो. मूल्यांकन करणाऱ्याकडे जाल तेव्हा त्याच्याकडून विकत घ्यायचा किंवा त्याला विकायचा विषय काढू नका, ठरलेली फी द्या आणि प्रत्येक दागिन्याचं वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या. पाटल्यांच्या आतल्या बाजूला पेढीचा छाप असेल, त्याचा जवळून फोटो काढा. तो नीट दिसला तर मलाही पाठवा. वडिलांच्या पेढीचा असला तर मी ओळखेन.